दोन घरांमधली काच

गेल्या पावसाळ्यात फोंडा महालातील एका आप्तांच्या घरी चार दिवस राहण्याचा योग आला. घर जुने आहे. चिऱ्याच्या जाड भिंती, मध्ये राजांगण, राजांगणात तुळस आणि चहूंबाजूंनी तिच्याकडे उतरत आलेली कौले. ह्या घराच्या मागील अंगास सुमारे वीस हातांवर धाकट्या मुलाने दहा वर्षांपूर्वी सिमेंटचे दुमजली घर बांधले. तेव्हापासून देव जुन्या घरात आणि चूल नव्या घरात, आजी जुन्या घरात आणि नातवंडे नव्या घरात, अशी वाटणी झाली. मध्ये उघडे अंगण. आषाढातील एका सकाळी देवपूजा आटोपून आजी चहासाठी नव्या घराकडे निघाल्या आणि शेवाळलेल्या पायरीवरून घसरल्या. सुदैवाने हाड मोडले नाही. परंतु त्या महिनाभर अंथरुणावर होत्या, आणि तेवढ्या अवधीत घरातील एक जुना वाद नव्याने उभा राहिला.

थोरल्या मुलाचे म्हणणे असे की, जुने घर आता पाडून टाकावे. त्याची कौले दर वर्षी परतावी लागतात, वाशांना वाळवी लागते, आणि राहणारे माणूस तर एकच. मधल्याचे मत, घर राखावे आणि दोन्ही घरे जोडावी, पण तेच चिरे आणि तीच कौले वापरून. जोड कोठे आहे हे परक्यास कळता कामा नये. धाकट्याची मुलगी स्थापत्याचे शिक्षण घेत आहे. तिने कागदावर एक आकृती काढून दाखविली: दोन घरांच्या मधोमध काचेची वाट. तिला छप्पर असावे, पण भिंती नसाव्या. चालणाऱ्यास पाऊस लागू नये, पण दिसावा. थोरल्यास हे खूळ वाटले. मधल्यास तो जुन्या घराचा अपमान वाटला. अखेर सर्वांनी आमच्याकडे पाहिले, कारण जुन्या घरांच्या हकिकती जमविण्याचा आम्हांस नाद आहे हे त्यांस ठाऊक होते.

आम्ही स्थापत्यज्ञ नव्हे. परंतु जुने घर आणि नवे घर ह्यांच्यामध्ये काच उभी करण्याचा प्रश्न काही आजचा नाही. तो एका राजासही पडला होता. त्या रात्री समईच्या उजेडात जे आम्ही सांगितले, तेच थोड्या विस्ताराने येथे मांडीत आहो.

पॅरिसजवळ व्हर्साय येथे फ्रान्सचा राजा तेरावा लुई ह्याने १६२३ मध्ये शिकारीसाठी एक लहानसे घर बांधले, आणि १६३१ ते १६३४ ह्या काळात ते वाढवून विटांचा व दगडांचा एक आटोपशीर वाडा केला. त्याचा मुलगा चौदावा लुई. ह्यास युरोपातील सर्वांत भव्य प्रासाद हवा होता. बापाचे लहान घर पाडून तेथे नवा प्रासाद उभारावा, असा सल्ला त्यास मिळाला. पण ते घर पाडू देण्यास तो तयार झाला नाही. तेव्हा ल व्हो ह्या स्थापत्यकाराने १६६८ पासून एक वेगळी युक्ती केली. जुन्या वाड्यास त्याने हात लावला नाही. बागेकडील तिन्ही अंगांनी त्यास नव्या दगडी इमारतीचे वेष्टन घातले. समोरच्या संगमरवरी चौकातून पाहिले तर बापाचे घर दिसे, आणि बागेतून पाहिले तर मुलाचे.

बागेच्या बाजूस एक उघडी गच्ची राहिली होती. तिच्या एका टोकास राजाचे दालन आणि दुसऱ्या टोकास राणीचे. मध्ये ऊन, वारा आणि पाऊस. आमच्या आप्तांच्या अंगणाचीच ही अडचण. फक्त ती राजाच्या घरची. १६७८ मध्ये आर्दुआँ-माँसार ह्या स्थापत्यकाराने ही गच्ची झाकून तेथे एक लांब दिवाणखाना उभारण्यास आरंभ केला आणि १६८४ मध्ये तो पुरा झाला. त्याची लांबी ७३ मीटर आहे. बागेकडे १७ कमानदार खिडक्या आणि त्यांच्यासमोर तितक्याच कमानींत बसविलेले ३५७ आरसे. हेच ते प्रसिद्ध आरसेदालन. मोठा आरसा करण्याची कला तेव्हा साधलेली नव्हती, म्हणून प्रत्येक कमान लहान लहान आरशांनी भरावी लागली. आरसे करण्याच्या विद्येत तेव्हा व्हेनिस शहर अग्रेसर होते. ते वर्चस्व मोडण्यासाठी कोल्बेर ह्या मंत्र्याने १६६५ मध्ये फ्रान्सचा स्वतःचा राजकारखाना काढविला होता. पुढे सें-गोबें ह्या नावाने तो जगभर ओळखला गेला.

ह्या दालनाची एक गोष्ट मात्र आम्हांस नेहमी विचार करावयास लावते. आरसे ज्या भिंतीवर आहेत तिच्या पलीकडे कोण आहे? तेथे तेच जुने घर आहे, बापाचे. १७०१ पासून राजाचे शयनगृहही त्याच भिंतीमागे होते. म्हणजे काचेच्या ह्या मार्गाने दोन दालने जोडली खरी, पण तेथून चालणाऱ्या माणसास जुने घर दिसत नाही; त्यास समोरच्या बागेचे प्रतिबिंब दिसते आणि स्वतःचे रूप दिसते. जुन्याचा मान राखला गेला, पण त्यास आरशाआड ठेवून.

आरशाचे हे वेड आपल्याकडेही होते. आरसेमहाल हा शब्दच त्याची साक्ष देतो. बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्यात युरोपातून आणविलेली रंगीत काच आली, ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यात प्रचंड झुंबरे आली, आणि इंदूरचे काचमंदिर तर आतून काचेनेच मढविलेले आहे. आपल्या संस्थानांतून काच आली ती अशी: दागिना म्हणून, रोषणाई म्हणून. एका घरातून दुसऱ्या घरात पाहण्याचे साधन म्हणून ती आली नाही.

गोव्यात तर काच येण्याच्या आधी शिंपला होता. आमच्या वाचकांपैकी अनेकांनी आजोळच्या घरी ह्या खिडक्या पाहिल्या असतील. खाड्यांत सापडणारा चपटा, अभ्रकासारखा पातळ शिंपला घ्यावयाचा, कडा कापून त्याचे चौकोनी तुकडे करावयाचे आणि लाकडाच्या बारीक पट्ट्यांत ते एकाखाली एक सरकवावयाचे. सतराव्या शतकात गोव्यात आलेल्या युरोपीय प्रवाशांना ह्या खिडक्यांचे नवल वाटले होते. ह्या खिडकीतून उजेड येतो, पण तो दुधासारखा मऊ होऊन येतो. पाऊस आत येत नाही आणि दृष्टी आरपार जात नाही. घरातील बायकांची मर्यादा, कोकणातील प्रखर ऊन आणि काचेची महागाई, तिन्ही प्रश्न एका शिंपल्याने सोडविले. आरसा आपणांस आपले रूप दाखवितो; शिंपला उजेड देतो पण पलीकडचे दाखवीत नाही. पलीकडचे दाखवील अशी मोठी, स्वच्छ आणि स्वस्त काच माणसाच्या हाती येण्यास आणखी बराच काळ जावयाचा होता.

तो काळ लांबण्यास कारागिरीइतकाच करही कारण झाला. इंग्लंडात १६९६ पासून खिडक्यांवर कर होता, आणि तो चुकविण्यासाठी लोकांनी आपल्या खिडक्या विटांनी बुजविल्या. काचेवर निराळा करही होता. तो १८४५ मध्ये उठला. खिडक्यांवरचा कर १८५१ मध्ये गेला. त्याच वर्षी लंडनच्या हाइड पार्कमध्ये जोसेफ पॅक्स्टन ह्याचा स्फटिकप्रासाद उभा राहिला. पॅक्स्टन मूळचा माळी. झाडांसाठी काचगृहे बांधता बांधता तो स्थापत्यकार झाला. लोखंडाच्या सांगाड्यात सुमारे ३ लाख तावदाने बसवून त्याने हा प्रासाद काही महिन्यांत उभारला. ह्या प्रासादाची एक गोष्ट आमच्या विषयाशी फार जवळची आहे. जागेवर एल्मची जुनी झाडे होती आणि ती तोडण्यास लोकांचा विरोध होता. तेव्हा मधल्या भागाचे छप्पर कमानीने उंच नेऊन ती झाडे आतच राखण्यात आली. नव्याने जुन्याला आपल्या पोटात जागा दिली आणि ते सर्वांना दिसू दिले. व्हर्सायच्या आरशांना जे साधले नव्हते ते येथे पारदर्शक काचेने साधले.

पॅक्स्टन तेवढ्यावर थांबला नाही. १८५५ मध्ये त्याने पार्लमेंटच्या समितीपुढे एक योजना मांडली. लंडनच्या मध्यभागाभोवती सुमारे १० मैलांचा काचेच्या छपराचा एक मार्ग असावा, त्यात दुकाने, घरे आणि आगगाडी असावी, आणि त्याने शहराची विखुरलेली स्थानके एकमेकांस जोडली जावी. ती योजना कागदावरच राहिली. परंतु काच ही नुसती खिडकी नसून वाट होऊ शकते, हा विचार तेव्हापासून मुरला, असे म्हणावयास हरकत नाही.

घरगुती प्रमाणावर तो विचार उतरण्यास विसावे शतक उजाडावे लागले. वॉल्टर ग्रोपियस ह्याने १९२६ मध्ये जर्मनीत डेसाऊ येथे बाउहाउस ह्या कलाशाळेची इमारत बांधली, तेव्हा रस्त्याच्या दोन बाजूंच्या दोन भागांना त्याने पुलासारख्या मजल्याने जोडले. त्याच शाळेत शिकलेला मार्सेल ब्रॉयर पुढे अमेरिकेत गेला. तेथे न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर १९४५ मध्ये त्याने गेलर कुटुंबासाठी एक घर बांधले. एका अंगास बसण्याउठण्याची आणि स्वयंपाकाची जागा, दुसऱ्या अंगास निजण्याच्या खोल्या, आणि दोहोंच्या मध्ये काचेचा प्रवेशमार्ग, अशी त्याची रचना होती. दिवसाचे घर निराळे, रात्रीचे निराळे. मधल्या काचेमुळे दोन्ही भाग वेगळे दिसत आणि तरी एकच घर राहत. पुढे अनेकांनी हा नमुना उचलला. ते मूळ घर मात्र २०२२ मध्ये पाडण्यात आले. घर कितीही नामांकित असो, ते कोणी तरी राखावे लागते.

आता मधल्या मुलाच्या मताकडे वळू. जोड दिसता कामा नये, हे त्याचे म्हणणे वरकरणी जुन्याच्या आदराचे वाटते, आणि त्यास मोठा आधारही आहे. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधील व्हिओले-ल-द्युक ह्या विद्वान स्थापत्यकाराने जुन्या इमारती अशाच पूर्ण केल्या. मूळ कारागिराने जे केले नसेल तेही त्याच्याच शैलीत करून दाखविले. ह्याच्या उलट इंग्लंडात जॉन रस्किन ह्याने १८४९ मध्ये अशा जीर्णोद्धारास असत्य ठरविले. विल्यम मॉरिस ह्याने १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली, तीही ह्याच मताची: जुन्याची डागडुजी करा, पण जुने असल्याची बतावणी करणारे नवे बांधू नका. हा वाद शतकभर चालला आणि १९६४ मध्ये व्हेनिस येथे जमलेल्या स्थापत्यज्ञांनी एक सनद मान्य केली. जुन्या वास्तूत जे नवे करणे अटळ असेल ते नवे म्हणून ओळखू आले पाहिजे, त्यावर आपल्या काळाचा ठसा असला पाहिजे, आणि भर घालताना मूळ वास्तूचा तोल व परिसर बिघडता कामा नये, असा तिचा आशय आहे.

ह्या तत्त्वाची कसोटी सर्वांत गाजली ती पॅरिसच्या लूव्र राजवाड्यात. बाराव्या शतकाच्या अखेरीस किल्ला म्हणून आरंभ झालेला हा वाडा पुढे राजांचे निवासस्थान झाला आणि नंतर संग्रहालय. त्याचे तीन विभाग एकमेकांपासून दूर पसरलेले. आय. एम. पेई ह्या चिनी वंशाच्या अमेरिकन स्थापत्यकाराने चौकाखाली एक भूमिगत दालन काढून तिन्ही विभाग तेथे जोडले आणि त्यावर काचेचा पिरॅमिड उभारला. तो १९८९ मध्ये खुला झाला. त्यावर टीकेचे रान उठले होते. पण पेईने धरलेला एक हट्ट पाहा. वाळूत लोहाचा अंश असतो, म्हणून साध्या काचेस हिरवट झाक येते. त्या झाकेतून वाड्याचा मधासारखा दगड निराळा दिसला असता. म्हणून पेईने रंगहीन काचेचा आग्रह धरला आणि सें-गोबेंने ती मुद्दाम तयार केली. तीच सें-गोबें, जिच्या कारखान्याने तीनशे वर्षांपूर्वी व्हर्सायचे आरसे पुरविले होते. त्या आरशांनी बापाचे घर झाकले होते. ह्या काचेने जुन्या राजवाड्याचा रंगदेखील बदलू दिला नाही.

आमचे मत आम्ही येथूनच बनविले. चिरे व कौले लावून केलेला जोड दोन्ही घरांवर अन्याय करील. दहा वर्षांचे घर दोनशे वर्षांचे भासेल असे नाही. उलट जुने कोठे संपले हे पुढच्या पिढीस कळणार नाही, आणि ज्याची हद्द कळत नाही त्याची निगाही राहत नाही. पाडण्याविषयी तर बोलावयासच नको. चांदोरचे मिनेझिस ब्रागांझा घराणे ज्या वास्तूत नांदले ती पाहा. एकाच लांबलचक दर्शनी भिंतीआड घराण्याच्या दोन शाखांची दोन निराळी बिऱ्हाडे झाली, तरी ती भिंत आणि त्या खिडक्यांची रांग अखंड राहिली. वाटणी झाली म्हणून वास्तू मोडलीच पाहिजे असे नाही.

तथापि काचेचा पक्ष घेताना तिचे दोषही सांगितले पाहिजेत, आणि आम्ही ते त्या मुलीस स्पष्ट सांगितले. गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात ऊन भाजून काढते. सूर्याचा प्रकाश काचेतून आत येतो, पण आतील तापलेल्या वस्तूंची उष्णता तितक्या सहज बाहेर जात नाही आणि तापलेली हवाही कोंडून राहते. थंड देशात झाडे जगविणारा हा गुण आमच्याकडे माणसांस नकोसा होतो. तेव्हा छप्पर काचेचे नको. ते कौलांचेच असावे आणि वळचण दोन्ही बाजूंस चांगली पुढे काढावी. काच फक्त उभ्या बाजूंस, आणि तीही खाली व वर वारा खेळेल अशी. दुसरी गोष्ट पाण्याची. दोन छपरांच्या मध्ये जेथे पन्हळ येते तेथेच घरे गळतात. ती रुंद व उतरती हवी आणि पावसाळ्यापूर्वी साफ केली पाहिजे. तिसरी गोष्ट भिंतीची. चिरा खाणीतून काढताना मऊ असतो, हवेने कठीण होतो, पण पाणी तो शोषतोच. त्यास चुन्याचा गिलावा मानवतो, कारण त्यातून ओल बाहेर पडते. सिमेंटच्या गिलाव्याआड ती कोंडते. म्हणून ह्या वाटेचे ओझे जुन्या भिंतीवर टाकू नये. तिने आपल्या खांबांवर उभे राहावे आणि जुन्या घरापाशी बोटभर फट ठेवून थांबावे. दोन्ही घरांचे पाये वेगळे, त्यांचे खचणे वेगळे, आणि एकाच्या खचण्याने दुसऱ्याची काच तडकता कामा नये. काचही अशी घ्यावी की, फुटलीच तर तिचे तुकडे अंगावर न पडता मधल्या पापुद्र्यास चिकटून राहतील.

चौथी सूचना आमची स्वतःची होती. पश्चिमेच्या बाजूस, जेथे दुपारचे ऊन तिरपे येते, तेथे काचेऐवजी शिंपला बसवावा. माळ्यावर जुन्या खिडक्यांची दोन झडपे पडून होती, ती आम्ही पाहिली होती. थोरला मुलगा प्रथमच हसला. ती झडपे तो गेल्या वर्षी भंगारात देणार होता.

हे सर्व बोलणे चालू असता आजी भिंतीशी पाटावर बसून ऐकत होत्या. व्हर्साय, लंडन आणि पॅरिस होऊन गेल्यावर त्यांनी नातीस विचारले, "तुळशीकडलो दिवो थंयच्यान दिसतलो न्ही?" आमच्यापैकी कोणाच्याही ध्यानात हा प्रश्न आला नव्हता. आकृतीत काचेची वाट जुन्या घराच्या मागील कोपऱ्यास मिळत होती, आणि तेथून राजांगण दिसत नव्हते. मध्ये कोठीची भिंत येत होती.

दुसऱ्या दिवशी पाऊस उघडला. मुलीने अंगणात खुंट्या ठोकून सुतळी ताणली आणि तिन्ही भाऊ तिच्याभोवती उभे राहिले. मधल्याने मागच्या दारातून आत पाहिले आणि सुतळी तीन हात उत्तरेस सरकविली. आता नव्या घराच्या उंबऱ्यावरून मागचे दार, त्यापुढे माजघराचे दार आणि त्यापुढे तुळस, ही एका ओळीत येत होती. थोरल्याने होकार दिला नाही. त्याने एवढेच म्हटले की, कौलांचा खर्च किती येईल ते काढा. आम्ही निघालो तेव्हा त्या ओळीवर शेवाळ खरवडण्याचे काम चालू होते, आणि माळ्यावरची शिंपल्यांची झडपे ओसरीत आणून पुसावयास ठेविली होती.